शाळा बघायला पितृपक्षात जा

मुलाला सहावी ते आठवीसाठी घालायची सरकारी शाळा पारखायची असेल तर जूनमध्ये जाऊ नका. तेव्हा प्रवेशोत्सव असतो, दाराला तोरण, भिंतींना ताजा रंग, मुलांच्या अंगावर कोरे कपडे. मी बडोद्यात पालिकेच्या मराठी शाळेत सहावी-सातवी-आठवीला गणित-विज्ञान शिकवलं, त्यामुळे जूनमधली शाळा कशी नटते हे मला कुणी सांगायला नको. मूल पाचवीत असतानाच, गणपती उठल्यावर आणि नवरात्र बसायच्या आधी जा. पितृपक्षात ना कार्यक्रम, ना पाहुणे. जे दिसेल ते रोजचंच असतं.

निघण्यापूर्वी फोनवर थोडा गृहपाठ करा. देशातल्या प्रत्येक शाळेला ११ आकडी यूडायस क्रमांक असतो, गुजरातचे २४ ने सुरू होतात. 'नो युअर स्कूल' या सरकारी पानावर तो टाकला की पटसंख्या, शिक्षक, खोल्या सगळं दिसतं. पटसंख्या बघताना एक युक्ती करा. यंदाच्या आठवीतली मुलं दोन वर्षांपूर्वी सहावीत किती होती, ते ताडून पाहा. आकडा बराच घटला असेल तर मुलं शाळा सोडून गेली आहेत, आणि ती का गेली हा तुमचा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न शिक्षकांचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीत दर वर्गाला किमान एक शिक्षक हवा, आणि त्यांत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांचा प्रत्येकी एक तरी. शिवाय ३५ मुलांमागे एक. मराठी माध्यमात पट इतका रोडावलाय की ३५ चा हिशेब सहज जुळतो आणि सगळं ठीक वाटतं. प्रत्यक्षात सहावी आणि सातवी एकाच खोलीत बसलेली असतात. म्हणून 'शिक्षक किती' एवढंच विचारू नका. सातवीला गणित कोण शिकवतं आणि त्या वेळी सहावी काय करते, हे विचारा.

आता मुख्य काम. इमारत, टाइल्स, स्मार्ट बोर्ड बाजूला ठेवा आणि वह्या बघा. शेजारपाजारच्या सातवीतल्या दोन मुलांच्या वह्या घरीच मागून घ्या, पण वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलाची नको. तो कुठेही शिकेल.

गणिताच्या वहीत आधी तारखा बघा. आठ-आठ दिवस कोरे गेले असतील तर वर्गच झालेला नाही. मग चुकलेली गणितं शोधा. लाल पेनची बरोबरची खूण कोणीही करतं, चुकीच्या पायरीवर गोल करून 'इथे बघ' असं लिहिणारा शिक्षक मोलाचा. त्याखाली मुलाने तेच गणित पुन्हा केलेलं दिसलं तर मला आणखी काही बघायची गरज वाटत नाही. उलट पानोपानी नुसत्या सह्या आणि एकही चूक नसेल तर सगळं फळ्यावरून उतरवलेलं असतं. निबंधाच्या वह्या शेजारी शेजारी ठेवा. दोघांची 'माझी सहल' शब्दशः एकच असेल तर सहल गाइडची. विज्ञानाच्या वहीत आकृती थोडी वाकडी असली तरी चालेल, प्रयोगानंतर मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या दोन ओळी हव्यात.

मुलाची हरकत नसेल तर त्याला ७५६ ला ७ ने भागायला द्या. उत्तर १०८. कितीतरी मुलं मधलं शून्य गाळून १८ लिहितात, आणि तशीच आठवीपर्यंत पोचतात. मग चौथीच्या पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला द्या आणि काय समजलं ते विचारा. परीक्षा घेतल्यासारखं करू नका, मुलं बिचकतात.

शाळेत गेलात की आचार्यांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, भेटण्याआधी मुलींचं स्वच्छतागृह बघायची परवानगी मागा. आईनेच जावं. कडी लागते का, पाणी आहे का, झाकणाची कचरापेटी आहे का? सातवी-आठवीतल्या मुली महिन्यातले चार दिवस घरी का राहतात त्याचं कारण तिथे सापडतं. प्रयोगाच्या पेटीवर धूळ किती, वाचनालयाच्या नोंदवहीत शेवटची तारीख कोणती, हेही जाता जाता पाहून घ्या. दुपारच्या जेवणाचा एक घास खाऊन बघा, म्हणजे पुरे.

एखादा शिक्षक जागेवर नसेल तर लगेच शिक्का मारू नका. मतदारयादी, निवडणूक, जनगणना ही कामं शिक्षकांच्याच गळ्यात येतात. ते गेल्यावर वर्ग कोण घेतं, एवढं विचारा. चांगल्या शाळेत याचं वेळापत्रक लिहिलेलं असतं.

शाळा व्यवस्थापन समितीतले तीन चतुर्थांश लोक पालक हवेत आणि निम्म्या बायका, असं कायदा म्हणतो. समितीतल्या एखाद्या आईला गाठा आणि मागच्या सभेत काय ठरलं ते विचारा. तिला आठवत नसेल, किंवा 'वही घरी आणतात, मी सही करते' असं ती म्हणाली, तर समजून घ्या.

सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हे आपण बडोदेकर छाती फुगवून सांगतो आणि पोरगं इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसवतो. असो.

शेवटचा प्रश्न आचार्यांना नाही, आठवीच्या वर्गशिक्षकांना विचारा: गेल्या वर्षीची मुलं नववीत कुठे गेली? आठवीनंतर माध्यम बदलायची वेळ बहुतेकांवर येते, त्यासाठी गुजराती आणि इंग्रजी किती पक्कं करून घेतलं तेही यातच कळतं. एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला किती जणांना बसवलं, हेही विचारा. सरकारी शाळेतलं मूल, घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, आणि परीक्षेतून निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये. जे शिक्षक रजिस्टर न उघडता 'अमकी त्या शाळेत गेली, तमका आयटीआयचं म्हणतोय' असं नावानिशी सांगू लागतात, त्यांच्या वर्गात मी माझी नात बिनदिक्कत पाठवीन.