‘निर्मूळ’ लिहिताना या चुका टाळा

नागपुरात बसून मी पत्रकं, निवेदनं, स्मरणिका यांची प्रुफं तपासतो. ‘मूळ’ आणि त्यापासून झालेले ‘निर्मूळ’ (मूळ नसलेलं), ‘समूळ’, ‘आमूल’ या शब्दांचे तिथे होणारे हाल रोज बघतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ‘अमुलाग्र बदल’. शब्द आहे ‘आमूलाग्र’: आ, मूल, अग्र. मुळापासून शेंड्यापर्यंत. एक काना गळला की मूळही नाही न् शेंडाही नाही, असा बदल हाती येतो! (दुधाच्या पिशवीवरचा ‘अमूल’ निराळा, तो ‘अमूल्य’चा नातलग.)

‘निर्मुलन’ हेही चूकच. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला ‘मूल’ दीर्घच राहतो, म्हणून ‘निर्मूलन’, ‘उन्मूलन’. मराठी ‘मूळ’ मात्र प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतो: मुळाशी, मुळासकट. घोळ इथूनच सुरू होतो.

‘समूळ निर्मूलन’ नको, मूळ दोनदा उपटलं जातं. ‘समूळ उच्चाटन’ चालेल. समूळ म्हणजे मुळासकट. जंबेरी लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेलं संत्र्याचं कलम आपण समूळच आणतो. निर्मूळ आणलं तर ती चुलीत घालायची काडी.

आपल्याकडे हिंदीचा शेजार, त्यामुळे ‘निर्मूल आरोप’ सर्रास लिहितात. मराठीत ‘बिनबुडाचा’ किंवा ‘निराधार’ म्हणा. एका वाचकाने ‘निर्मूल’चा अर्थ मूल नसलेला असा लावला होता. त्याला हसावं तरी कसं? मराठी कानाला ‘मूल’ म्हणजे लेकरूच. पण ‘निराधार’ माणसाला लावला की अर्थ फिरतो. संजय गांधी निराधार योजनेतला निराधार बिनबुडाचा नसतो, त्याला कुणाचा आधार नसतो.

मला खटकलेली चूक मात्र वेगळीच. गोसेखुर्द धरणामुळे गाव सोडावं लागलेल्यांविषयी एका लेखात होतं: ‘ही निर्मूळ झालेली माणसे’. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, मुळं तुटलेली. पण ‘निर्मूळ होणे’ म्हणजे नामशेष होणे, रोगराई व्हावी तसं. मी ‘विस्थापित’ सुचवलं. लेखकाला ते सरकारी वाटलं. शेवटी ‘मुळासकट उखडलेली माणसं’ यावर जमलं.

अडलं तर शब्दाच्या जागी ‘मुळासकट’, ‘मुळापासून’ आणि ‘मूळ नसलेलं’ ठेवून वाक्य वाचा. पहिलं बसलं तर समूळ, दुसरं तर आमूल, तिसरं तर निर्मूळ. आणि ‘निर्मळ’ टाइप झालं नाही ना, तेही बघा. तिथे मूळ नाही, मळ नसतो.