पोर्टर चाखताना या चुका टाळा

चांगल्या पोर्टरसाठी, म्हणजे भाजलेल्या माल्टच्या काळपट बिअरसाठी, आम्ही सांगलीकर पुण्याला जातो. (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य.) सव्वादोनशे किलोमीटरहून जास्त प्रवास करून माणसं पहिल्या पाच मिनिटांत सगळं वाया घालवतात, ते बघवत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ती बर्फासारखी गार मागणं. गेल्या पावसाळ्यात माझ्या मिरजेच्या मित्राने वेटरकडून फ्रीजरमधला ग्लास मागवला, दोन घोटांत अर्धा संपवला आणि म्हणाला, "मर्दा, ही करपलीय." एवढ्या गारठ्यात वास सुटतच नाही, जिभेला उरतो तो भाजलेल्या माल्टचा कडूपणा. मी माझा साधा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून वीस मिनिटं थांबलो आणि मग त्याच्यापुढे केला. पिऊ नको, नुसता वास घे म्हटलं. बराच वेळ तो नाक आत घालून बसला. "काकवी," म्हणाला. मग थोड्या वेळाने, "तासगावचा बेदाणासुद्धा." शेवटी पोर्टर त्याला आवडली नाहीच, पण का आवडली नाही ते आता त्याला सांगता येत होतं. मला तेवढं पुरतं. साधारण १० ते १३ अंशांवर ती खुलते. मी थर्मामीटर नेत नाही. ग्लास हाताला झोंबायचा थांबला की पहिला घोट घेतो. ज्याला वीस मिनिटं दम धरवत नाही, त्याने लागर, म्हणजे नेहमीची फिकट गार बिअर, मागवावी.

दुसरी चूक, काळी म्हणजे कडक असं समजणं. रंग येतो तो थोड्याशा काळ्या माल्टमुळे. डॅनिएल व्हीलरने १८१७ मध्ये माल्ट काळा भाजायच्या ड्रमचं पेटंट घेतलं, त्याआधी बिअर बनवणारे तपकिरी माल्टवर भागवायचे. पोर्टरमध्ये अल्कोहोल बहुधा ४ ते ६.५ टक्के असतं, म्हणजे आपल्याकडच्या 'स्ट्राँग' बाटलीपेक्षा कमीच. नावही अठराव्या शतकातल्या लंडनच्या हमालांवरून पडलं. आपल्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणाऱ्यांसारखी ती माणसं. कामाच्या मधे प्यायची बिअर होती ती. रंगाला घाबरून अर्धा ग्लास सोडून देणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी भडंग खाऊन बसू नका. लसूण-मिरचीने जीभ पेटली की चॉकलेट, कॉफी काही कळत नाही. गुटखा, मावा खाल्ला असेल तर त्या दिवशी राहू द्या.

चार नमुने मागवलेत तर फिकट आधी, पोर्टर शेवटी.

फेस फुंकून उडवू नका, वास त्यातच असतो.

व्हिनेगरसारखी आंबट किंवा लोण्यासारखी लागली तर तो बनवण्यातला दोष समजा. मुकाट्याने पिऊ नका, ग्लास बदलून मागा.

आणि परतीला गाडी चालवणाऱ्याने फक्त वास घ्यायचा. आमच्यात ही पाळी ठरलेली असते, पुढच्या खेपेला माझी आहे.