चादरीच्या दुकानाचं दरपत्रक ग्रिडवर कसं बसवावं

सोलापुरी चादरीची नक्षी जकार्ड मागावर चढण्याआधी ग्राफ पेपरवर उतरते. उभ्या रांगा उभ्या धाग्यांच्या, आडव्या रांगा आडव्या धाग्यांच्या. चौकोन भरायचा नाहीतर मोकळा सोडायचा. अर्धा चौकोन मागाला चालत नाही. कॉम्प्युटरवर मात्र माउस कुठेही नेता येतो आणि नवशिक्याचं पान तिथेच बिघडतं. ती बंदी स्वतःच स्वतःवर घालून घ्यायची, एवढंच ग्रिडचं, म्हणजे पानावर आखलेल्या उभ्या-आडव्या रेघांच्या जाळीचं काम.

सरावासाठी सोलापूरच्या नवी पेठेतल्या एखाद्या चादर-टॉवेलच्या दुकानाचं एकपानी दरपत्रक घेऊ. कागद ए-फोर, म्हणजे २१० × २९७ मिमी.

१. आधी सगळा मजकूर जमवा: नाव, वाण, दर, फोटो, पत्ता. काय मांडायचंय ते माहीत नसताना रेघा मारत बसू नका.

२. मग ओळ ठरवा. बहुतेक जण थेट चौकटी आखायला घेतात. माझ्या मते मराठी पान फसतं ते इथेच. इंग्रजीला पुरणारं अंतर देवनागरीला पुरत नाही. वर मात्रा, वेलांटी, रफार, खाली उकार. ओळी दाटल्या की ‘सुती’चा उकार खालच्या ओळीतल्या मात्रेला टेकतो. म्हणून १२ पॉइंटच्या (पॉइंट म्हणजे अक्षर मोजायचं छपाईतलं माप) अक्षराला १८ पॉइंटची ओळ द्या. एक ओळ म्हणजे ६.३५ मिमी. पुढची सगळी उभी मापं याच्याच पटीत.

३. चारही बाजूंना १५ मिमी समास सोडा. रुंदी उरली १८० मिमी. त्यात २५ मिमीचे सहा कॉलम आणि मधे ६ मिमीच्या पाच फटी नेमक्या बसतात. सहाच का? कारण सहाचे दोन भाग होतात, तीनही होतात. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये समास-कॉलमचे आकडे टाकले की रेघा आपोआप येतात. कोरलड्रॉ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रूलरवरून गाइडलाइन ओढा आणि स्नॅप चालू ठेवा, म्हणजे वस्तू रेघेला आपोआप चिकटते.

४. आता आडवे पट्टे. प्रत्येकी सहा ओळींचे सहा पट्टे, दोन पट्ट्यांमध्ये एक ओळ मोकळी; एकूण ४१ ओळी. तळाशी जरा जास्त जागा उरते, ती राहू द्या. खालचा समास मोठा असलेला डोळ्यालाही बरा वाटतो.

५. सामान मांडा. पहिल्या पट्ट्यात दुकानाचं नाव. पुढचे तीन पट्टे आणि डावीकडचे चार कॉलम मिळून चादरीचा मोठा फोटो, ११८ × १२७ मिमी. उजव्या दोन कॉलमांत दर. आकडे उजवीकडून एका रेषेत लावा, म्हणजे शेकडा शेकड्याखाली येतो. पाचव्या पट्ट्यात टॉवेल, नॅपकिन, बेडशीट प्रत्येकी दोन कॉलमांत. शेवटच्यात पत्ता, फोन. दुकानदार म्हणेल, “एवढी जागा रिकामी का सोडली?” पट्टा भरायलाच हवा असं नाही, पण जे ठेवाल ते रेघेला धरून ठेवा.

एक खाचखळगा इंग्रजी धड्यांत सापडायचा नाही. त्यांची अक्षरं बेसलाइनवर, म्हणजे ओळीच्या तळाच्या अदृश्य रेषेवर उभी असतात, आपली शिरोरेषेला लटकतात. लहान-मोठा मजकूर शेजारी ठेवून नुसती बेसलाइन जुळवली, तर शिरोरेषा वरखाली होतात आणि तेच आधी डोळ्यात खुपतं. म्हणून फोटोची वरची कड आणि शेजारच्या पहिल्या ओळीची शिरोरेषा एका रेषेत आणा. मात्रा वर डोकावतील, डोकावू द्या.

सराव आणखी हवा असेल तर जुन्या दैनिकाचं पान घेऊन पेन्सिलीने कॉलमच्या रेघा मारा. आठ कॉलमी मथळा, त्याखाली तीन कॉलमी फोटो, दोन कॉलमी चौकट, हा हिशेब लगेच दिसतो.

छपाईला देताना प्रेसकडे तुमचा फॉन्ट नसला, तर अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचं चित्रासारख्या आकारांत रूपांतर करून देतात. कर्व्ह झाल्यावर तो मजकूर उरत नाही, नुसते आकार उरतात. म्हणून मूळ फाइल रेघांसकट वेगळी ठेवा. दर बदलले की तीच उघडायची आहे.