नेव्हिगेशनचं पहिलं पुस्तक हातात आलंय? आधी पेन्सिल घ्या

मर्चंट नेव्हीत जायचं ठरवलेली पोरं नेव्हिगेशनचं पहिलं पुस्तक घेतात आणि पान १ पासून कादंबरीसारखी वाचत सुटतात, मग तिसऱ्या चॅप्टरला गोलाकार पृथ्वी, ग्रेट सर्कल वगैरे आलं की पुस्तक कपाटात. असं करू नका. हा विषय वाचून येत नाही, हाताने येतो. एक जुना कागदी चार्ट, म्हणजे समुद्राचा नकाशा (मुंबईच्या आसपासचा डेहराडूनच्या हायड्रोग्राफिक ऑफिसचा मिळाला तर उत्तमच), पॅरलल रुलर (समांतर रेषा सरकवायची जोडपट्टी), डिव्हायडर, २बी पेन्सिल आणि चांगला खोडरबर एवढं टेबलावर असल्याशिवाय पुस्तक उघडूच नका.

सुरुवात अंतर मोजण्यापासून. १ नॉटिकल मैल म्हणजे १८५२ मीटर, म्हणजेच अक्षांशाचं १ मिनिट, त्यामुळे डिव्हायडर नेहमी चार्टच्या उभ्या बाजूच्या स्केलवर लावायचा आणि तोही आपण जिथे आहोत त्याच उंचीवर, कारण मर्केटर पद्धतीने काढलेला चार्ट उत्तरेकडे ताणत जातो. वरच्या-खालच्या आडव्या स्केलवर कधीच मोजायचं नाही, मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाचं १ मिनिट सुमारे १७५० मीटरच भरतं. ही चूक नवीन माणूस हमखास करतो.

मग कंपास, आणि इथे घाई करू नका, आठवडा गेला तरी चालेल. कंपासची सुई खऱ्या उत्तरेपासून थोडी हटते, त्यात पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे येतो तो फरक व्हेरिएशन, जहाजाच्या लोखंडामुळे येतो तो डेव्हिएशन. पूर्व असेल तर मिळवा, पश्चिम असेल तर वजा करा, पण हे कंपासवरून ट्रू, म्हणजे खऱ्या उत्तरेपासूनची दिशा, काढताना, उलट जाताना उलट. मुंबईजवळ व्हेरिएशन १ अंशाच्याही आत आहे म्हणून आपल्याकडच्या पोरांना त्याचं गांभीर्यच कळत नाही, केपटाऊनजवळ तोच साधारण २५ अंश पश्चिम आहे! समजा तिथे कंपास बेअरिंग (एखाद्या वस्तूची अंशांतली दिशा) १०० आलं, डेव्हिएशन २ पूर्व, तर मॅग्नेटिक (फक्त डेव्हिएशन सुधारलेलं) १०२ आणि त्यातून व्हेरिएशन २५ वजा केलं की ट्रू ०७७. अशी रोज दहा गणितं करा, उत्तर झोपेतही आलं पाहिजे.

आता फिक्स, म्हणजे चार्टवर आपली जागा पक्की करणं, माझा सगळ्यात आवडता भाग. समजा तुम्ही अलिबागजवळच्या खांदेरी बेटाच्या पश्चिमेला आठेक मैलांवर आहात. खांदेरीचं लाइटहाऊस आणि त्याच्या मागचा कनकेश्वरचा डोंगर दोन्ही दिसतात म्हणून त्या दोघांचीच बेअरिंग घेतली तर चार्टवर ओढलेल्या त्यांच्या रेषा फार थोड्या कोनात कापतात, अर्धा अंश चुकला तरी तुमची पोझिशन कुठल्या कुठे जाते. त्यापेक्षा खांदेरी आणि कुलाब्याचं प्राँग्ज लाइटहाऊस घ्या, कोन छान मिळतो, कनकेश्वर तिसरी रेषा म्हणून तपासायला ठेवा. जहाजाच्या पुढची किंवा मागची वस्तू आधी घ्यायची आणि बाजूची शेवटी, कारण बाजूचं बेअरिंग भराभर बदलतं, आणि ते घेतल्या क्षणीच वेळ लिहायची. तीन रेषांचा बारीक त्रिकोण झाला तर त्यातला धोक्याच्या (खडक, उथळ पाणी) सगळ्यात जवळचा कोपरा आपली जागा धरायची, मधला बिंदू नाही.

दोन फिक्सच्या मध्ये डेड रेकनिंग, म्हणजे दिशा, स्पीड आणि वेळ यांवरून जागेचा अंदाज. १२ नॉट (तासाला १२ नॉटिकल मैल) स्पीड म्हणजे ६ मिनिटांत १.२ मैल, स्पीडला १० ने भागा की झालं. भरती-ओहोटीचा प्रवाह यात नसतो, तो नंतर शिका.

जीपीएस आहे की, मग हे कशाला असं कोणी म्हणालं तर त्यांना ब्लॅक सी आणि पर्शियन गल्फमध्ये जहाजांना चुकीची जीपीएस पोझिशन दिसल्याच्या घटना सांगा. किनारा दिसत असेल तर कंपास आणि पेन्सिलने ती पोझिशन लगेच तपासता येते.

आणि बाउडिच. १८०२ साली पहिल्यांदा आलेला हा अमेरिकन ग्रंथ तिथलं सरकार आजही काढतं आणि पीडीएफ फुकट आहे, नक्की उतरवून घ्या, पण पहिलं पुस्तक म्हणून नको, फार जाड आहे. एखादी गोष्ट अडली की तेवढंच प्रकरण उघडायचं. तारे, सेक्स्टंट (ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र) वगैरे तर चार्टवर पन्नास फिक्स काढून झाल्यावरच.