दुर्बिणीपुढची बैठक निवडताना या चुका टाळा

निरीक्षणाला तासभर झाला की मान अवघडते, डोळा नेत्रिकेवरून, म्हणजे दुर्बिणीत ज्यातून पाहतो त्या भिंगावरून, सारखा सरकतो आणि गुरूच्या पट्ट्यांमधला तपशील दिसू लागण्याआधीच निरीक्षक पाठ सरळ करायला उभा राहतो. हा अनुभव आलेले बहुतेक जण दोष दुर्बिणीला देतात आणि महागडी नेत्रिका विकत घेतात. माझ्या अनुभवात मात्र यातल्या निम्म्याहून अधिक तक्रारी बसण्याच्या असतात. ग्रहाचे प्रतिबिंब वातावरणामुळे सतत थरथरत असते आणि ते स्थिरावते ते एखाद-दुसऱ्या सेकंदापुरते. त्या क्षणी डोळा नेमक्या जागी असेल तरच सूक्ष्म तपशील हाती लागतो. अंधुक तेजोमेघ किंवा दीर्घिका पाहताना नजर थोडी बाजूला ठेवावी लागते, आणि डोके स्थिर नसेल तर तेही साधत नाही. म्हणून बैठक हा चैनीचा भाग नसून निरीक्षणाच्या साहित्याचाच एक भाग आहे, असे मी मानतो.

नेत्रिकेची उंची आकाशातल्या लक्ष्यानुसार बदलते, आणि ही अडचण जुनी आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या यर्क्स वेधशाळेत १८९७ मध्ये ४० इंची भिंगाची दुर्बीण कार्यान्वित झाली. तिची नळी सुमारे १९ मीटर लांब असल्याने नेत्रिका इतकी वर-खाली होत असे, की निरीक्षकासाठी घुमटातली अवघी जमीनच उचलता येईल अशी बांधावी लागली. घरगुती दुर्बिणीत हा फरक ३०-४० सेंटिमीटरचा असतो. पण मानेला आणि पाठीला तेवढा पुरेसा होतो.

मोजमाप न करता खुर्ची विकत घेणे

ही सर्वांत मोठी चूक आहे आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच उद्भवतात. खुर्ची पाहायला जाण्यापूर्वी तीन मापे घ्यावीत. पहिले माप स्वतःचे: नेहमीच्या खुर्चीवर बसून, नेत्रिकेत पाहताना वाकतो तेवढे किंचित पुढे झुकून, बैठकीपासून डोळ्यापर्यंतची उंची मोजावी. माझ्या बाबतीत ती ७० सेंटिमीटर भरते. दुसरे आणि तिसरे माप दुर्बिणीचे: नळी जवळजवळ डोक्यावर रोखून एकदा आणि क्षितिजापासून २०-२५ अंशांवर रोखून एकदा, जमिनीपासून नेत्रिकेची उंची मोजावी. या दोन्ही उंचींमधून पहिले माप वजा केले की बैठक किती खाली आणि किती वर जायला हवी ते कळते.

माझ्याकडे ८० मिलिमीटर व्यासाची, ९०० मिलिमीटर नाभीय अंतराची (भिंगापासून प्रतिबिंब तयार होते तिथपर्यंतच्या अंतराची) भिंगाची दुर्बीण आहे. तिची नळी तिपाईवर जिथे टेकते, त्या टेकूपासून नेत्रिका सुमारे ५० सेंटिमीटर मागे येते. पूर्वी मी तिपाईचे पाय अर्धेच उघडून टेकू १२० सेंटिमीटरवर ठेवत असे. नळी डोक्यावर रोखली की नेत्रिका जेमतेम ७० सेंटिमीटरवर येई, म्हणजे हिशेबाने बैठकीची उंची शून्य झाली आणि गच्चीवर सतरंजी टाकून बसण्यावाचून गत्यंतर उरले नाही. तिपाईचे पाय पूर्ण उघडून टेकू १४० सेंटिमीटरवर नेला तेव्हा तीच नेत्रिका वरच्या लक्ष्यासाठी ९१ आणि २० अंशांवरच्या लक्ष्यासाठी सुमारे १३१ सेंटिमीटरवर आली. बैठक २१ ते ६१ सेंटिमीटरमध्ये हलली म्हणजे काम भागले. अनेकदा उपाय खुर्चीत नसून तिपाईच्या पायांत असतो, तो असा.

आरशाच्या डॉबसोनियन दुर्बिणीत, म्हणजे तिपाईऐवजी जमिनीवरच्या साध्या खोक्यासारख्या आधारावर फिरणाऱ्या दुर्बिणीत, हे गणित उलटे होते, कारण नेत्रिका नळीच्या वरच्या टोकाशी असते. ८ इंची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या सर्वसाधारण डॉबसोनियनमध्ये नळी ज्यावर वर-खाली झुकते तो आस जमिनीपासून सुमारे ६० सेंटिमीटरवर असतो आणि नेत्रिका त्या आसापासून तितकीच लांब असते. नळी उभी असता नेत्रिका १२० सेंटिमीटरवर जाते आणि बैठक ५० लागते. नळी २४ अंशांवर झुकवली की नेत्रिका ८४ वर येते आणि बैठक १५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पाटापेक्षा थोडी उंच, असावी लागते. श्मिट-कॅसेग्रेन प्रकारच्या आखूड नळीच्या दुर्बिणीत मात्र हा फरक बराच कमी असतो आणि तिच्या मालकाला साध्या स्टुलावरही भागवता येते.

परदेशी सल्ला जसाच्या तसा स्वीकारणे

दुर्बिणीच्या खुर्च्यांविषयीचे बहुतेक लिखाण उत्तरेकडच्या देशांतले आहे आणि तिथले आकाश वेगळे आहे. पुण्याचे अक्षांश सुमारे साडेअठरा अंश उत्तर आहेत. कृत्तिका मध्यमंडलावर, म्हणजे आकाशातल्या आपल्या सर्वांत उंच जागी, आल्या की पुण्यातून त्या ८४ अंश उंचीवर दिसतात, लंडनहून ६३ अंशांच्या आतच. जानेवारी २०२६ मधल्या प्रतियुतीच्या वेळी (ग्रह सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला येतो तेव्हा) मिथुन राशीतला गुरू मध्यरात्री पुण्याच्या आकाशात सुमारे ८६ अंशांवर होता, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. भिंगाच्या दुर्बिणीने त्याला पाहणाऱ्या माणसाला सर्वांत खालची बैठक लागते, आणि नेमकी तीच अनेक खुर्च्यांमध्ये नसते; त्यांची सुरुवातच ३५-४० सेंटिमीटरपासून होते. उलट दक्षिणेकडचा ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ लंडनहून दिसतच नाही, आणि आपल्याकडे तो कमाल २४ अंश चढतो. डॉबसोनियन वापरणाऱ्याला तिथे घरातली प्लास्टिकची खुर्ची फार उंच पडते. तीच खुर्ची ६६ अंशांवरच्या मृगातल्या तेजोमेघासाठी अगदी बरोबर उंचीची असते, आणि म्हणूनच हिवाळ्यात तिच्यावर समाधानी असलेले लोक एप्रिल-मे महिन्यांत पाठदुखीची तक्रार करू लागतात.

त्यामुळे खुर्चीची चौकशी करताना कमाल उंचीइतकेच किमान उंचीबद्दलही विचारावे. विक्रेते बहुधा पहिलीच सांगतात.

ऑफिसच्या किंवा बारच्या स्टुलावर भिस्त ठेवणे

गॅसच्या नळकांड्यावर वर-खाली होणारे स्टूल सहज मिळते आणि दिसायला योग्य वाटते. परंतु ऑफिसच्या खुर्चीची उंची साधारण १२ ते १५ सेंटिमीटरच बदलते, आणि वर काढलेल्या मापांना ते पुरत नाही. शिवाय तिची चाके. उतार असलेल्या गच्चीवर चाकांची खुर्ची अंधारात हळूहळू सरकत राहते आणि डोळा नेत्रिकेवरून ढळतो. ती तिपाईच्या पायावर आदळली तर शोधून ठेवलेले लक्ष्यही निसटते. ड्रम वाजवणाऱ्यांचे स्क्रूवर फिरणारे स्टूल याहून बरे, कारण ते स्थिर असते आणि चटकन घडी होते. मात्र तेही फार खाली जात नाही.

निरीक्षणासाठी खरोखर उपयोगी पडते ती शिडीसारखी खुर्ची. तिच्या तिरप्या चौकटीवरून बैठक हवी तिथे सरकवता येते. अमेरिकेतल्या हौशी निरीक्षकांमध्ये ‘डेन्व्हर खुर्ची’ या नावाने ओळखली जाणारी लाकडी रचना याच जातीची आहे, आणि मापे काढून दिली तर आपल्याकडचा कोणताही चांगला सुतार ती १८-१९ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडमधून करून देऊ शकतो. बैठकीची खालची मर्यादा आपण ठरवलेली असते, हा तिचा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा गुण आहे.

या खुर्चीत एक दोष संभवतो आणि तो वेळीच ओळखावा. तिची बैठक खिळ्याने किंवा स्क्रूने अडकवलेली नसते. बसणाऱ्याच्या वजनाने ती चौकटीवर आवळली जाते आणि केवळ घर्षणावर टिकते. सुताराने चौकटीला गुळगुळीत पॉलिश किंवा ऑइलपेंट दिला असेल, किंवा रात्री दव पडून लाकूड ओले झाले असेल, तर बैठक एकदम घसरू शकते. ज्या पट्टीवर बैठक आवळली जाते, तिच्यावर पायऱ्यांना लावतात तशी खरखरीत चिकटपट्टी लावावी आणि बसताना आधी हाताने बैठक खाली दाबून मग वजन टाकावे. घर्षणावर विश्वास बसत नसेल तर चौकटीला दर ५ सेंटिमीटरवर खाचा पाडून घ्याव्यात. अंधारात, दिवा न लावता, एका हाताने बैठक बदलता येणे ही माझी अट आहे. डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटे लागतात आणि टॉर्चच्या एका झोताने ती वाया जातात.

पायांकडे आणि जमिनीकडे दुर्लक्ष

बैठक ६० सेंटिमीटरवर गेली की पाय अधांतरी राहतात, बैठकीची पुढची कड मांड्यांमध्ये रुतते आणि अर्ध्या तासात पायांना मुंग्या येतात. पाय टेकवायला आडवी पट्टी नसेल तर खुर्ची अपुरी समजावी. पाठीला टेकू मात्र असला नसला तरी फारसे बिघडत नाही, कारण नेत्रिकेत पाहताना माणूस पुढेच झुकलेला असतो. द्विनेत्रीने (बायनॉक्युलरने) आकाश पाहायचे असेल तर गोष्ट निराळी. तिथे मागे रेलता येणारी आरामखुर्चीच हवी.

तीन पायांचे आसन उंचसखल जमिनीवर डुगडुगत नाही, पण बाजूला झुकले तर लवकर कलंडते. चार पायांचे त्याच्या उलट. शेतात किंवा माळावर मऊ मातीत पाय रुततात, म्हणून प्रत्येक पायाखाली प्लायवुडचा तळहाताएवढा तुकडा ठेवावा. किनारपट्टीवर खाऱ्या हवेने लोखंडी चौकटीचे सांधे गंजतात आणि उंची बदलण्याचा खटका अडकतो, तिथे लाकूड बरे. उंची वाढवण्यासाठी प्लास्टिकच्या खुर्च्या एकमेकींवर रचणे किंवा पायांखाली विटा ठेवणे कधीही करू नये; अंधारात त्यावरून पडण्याचा धोका खरा आहे.

तरीही त्रास होत असेल तर

मान दुखत असेल तर बहुधा बैठक उंच आहे. एक खाच खाली घ्यावी. पापण्या नेत्रिकेला घासून काच धूसर होत असेल, तर आपण नेत्रिकेवर लोंबकळत आहोत किंवा नेत्रिकेपासून डोळा पुरेसा दूर ठेवता येत नाही, यांपैकी काय ते बैठक बदलून तपासावे. खुर्ची हलल्याबरोबर प्रतिबिंबही हलत असेल तर खुर्ची आणि तिपाई एकाच सैल फरशीवर आहेत का ते पाहावे.

आरशाची दुर्बीण विषुववृत्तीय आधारावर, म्हणजे पृथ्वीच्या आसाला समांतर आसाभोवती फिरणाऱ्या आधारावर, असेल, तर लक्ष्य बदलताना नेत्रिका कधी आकाशाकडे, कधी जमिनीकडे तोंड करते. ही अडचण कोणतीही खुर्ची सोडवू शकत नाही. नळी धरणाऱ्या कड्या सैल करून नळी तिच्याच भोवती फिरवावी, नेत्रिका आडवी किंवा किंचित वर झाली की कड्या पुन्हा आवळाव्यात, आणि मगच बैठकीची उंची जुळवावी.