जुन्या स्पेक्ट्रमवर सी मधे संत्रं काढायचं कसं

मागच्या उन्हाळ्यात मामाच्या नागपुरातल्या महाल भागातल्या घराचा माळा साफ करताना एक डीबी स्पेक्ट्रम प्लस सापडला, म्हणजे ब्रिटिश कंपनी सिंक्लेअरच्या झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस या घरगुती कॉम्प्युटरचा आपल्याकडे लायसन्स घेऊन विकलेला अवतार, डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मधे आणला होता तो. मामा म्हणे भंगारात टाक बे, काहून ठेवतं. मी नाही टाकला. आणि तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो की यावर बेसिक (त्यात आधीपासूनच असलेली सोपी प्रोग्रामिंगची भाषा) सोडून काही लिहिता येते का. येते ना राजेहो, चक्क सी भाषेत प्रोग्राम लिहिता येतो, आणि त्यासाठी असेंब्लीचा, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेचा, पंडित असायची गरज नाही. फक्त मशीन किती लहान आहे ते डोक्यात पक्कं पाहिजे.

तर आधी मशीन बघून घ्या. झेड८० ए प्रोसेसर, ३.५ मेगाहर्ट्झ, रॅम ४८ के (एक के म्हणजे १०२४ बाइट). मेमरीचे पत्ते ० ते ६५५३५. पहिले १६ के रॉम, म्हणजे न पुसली जाणारी मेमरी, त्यात बेसिक बसलंय. १६३८४ पासून स्क्रीन सुरू होते, ६१४४ बाइट ठिपक्यांचे आणि त्याला लागून २२५२८ पासून ७६८ बाइट रंगांचे. ३२७६८ च्या खालची रॅम स्क्रीन काढणाऱ्या यूएलए चिपसोबत वाटून घ्यावी लागते, म्हणजे यूएलए कामात असली की प्रोसेसर ताटकळत बसतो, म्हणून आपला प्रोग्राम ३२७६८ पासून वर बसवतात. म्हणजे हातात राहिले ३२ के, त्यातच कोड, त्यातच डेटा, त्यातच स्टॅक (फंक्शनच्या तात्पुरत्या कामाची जागा). तुमच्या मोबाइलवरचा एक गुड मॉर्निंगचा फोटो यात मावणार नाही.

कंपायलर, म्हणजे सी चं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, मशीनवर नाही, आपल्या लॅपटॉपवर चालवायचा. त्या काळी हायसॉफ्ट सी नावाचा कंपायलर थेट स्पेक्ट्रमवरच चालायचा, पण ४८ के मधे कंपायलरही आणि तुमचा सोर्सही, हौस असेल तर करा, मी नाही करत. आज झेड८८डीके घ्या, फुकट आहे. इन्स्टॉल करताना नव्वद टक्के लोक एकाच ठिकाणी अडकतात: पाथ मधे बिन फोल्डर टाकतात पण झेडसीसीसीएफजी नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (लॅपटॉपच्या सिस्टीममधली एक सेटिंग) सेटच करत नाहीत. तो लिब फोल्डरमधल्या कॉन्फिग फोल्डरकडे वळवा, नाहीतर कंपायलरला स्वतःचं घरच सापडत नाही आणि एरर असा देतो की तुम्ही आपल्याच कोडात चूक शोधत बसता. कमांड सोपी आहे, झेडसीसी, मग प्लस झेडएक्स, मग फाइलचं नाव, मायनस ओ संत्रा, आणि शेवटी मायनस क्रिएट-ॲप. बाहेर टॅप फाइल (टेपची नक्कल) पडते. ती फ्यूज इम्युलेटरमधे, म्हणजे लॅपटॉपवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममधे, उघडा, चालते.

(कोड मी इथे फोनवर सांगितल्यासारखा बोलून दाखवतोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करा.)

आता पहिला प्रोग्राम हॅलो वर्ल्ड नको. मजकूर छापायला प्रिंटएफ बोलावला की फॉरमॅटिंगचा सगळा बारदाना मागोमाग येतो आणि दोन ओळींच्या प्रोग्रामसाठी कित्येक के जातात. आपण नागपूरचे, आपण संत्रं काढू. आणि इथेच गंमत आहे, कारण स्पेक्ट्रमकडे नारिंगी रंगच नाही! काळा, निळा, लाल, किरमिजी, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा, हे आठ आणि त्यांचेच जरा उजळ भाऊ. बस. मग पिवळ्यावर लाल ठिपके बुद्धिबळाच्या पटासारखे एक सोडून एक भरायचे, आणि जुन्या टीव्हीवर अँटेनाच्या वायरीतून बघितलं की दोन्ही रंग एकमेकांत मिसळून बऱ्यापैकी संत्रं दिसतं.

ठिपके असे भरायचे. अनसाइन्ड चारचा (० ते २५५ मावणारा एक बाइट) पॉइंटर, म्हणजे पत्ता धरणारा व्हेरिएबल, घ्या आणि १६३८४ वर ठेवा. आय ० पासून ६१४३ पर्यंत फिरवा. प्रत्येक बाइट म्हणजे आडवे आठ ठिपके, १७० लिहिलं तर एक चालू एक बंद, ८५ लिहिलं तर त्याच्या उलट. एका ओळीत १७०, खालच्या ओळीत ८५, असं पाहिजे. तर खालची ओळ कुठे? साधा माणूस म्हणेल ३२ बाइट पुढे, कारण एका ओळीत ३२ बाइट. चूक. स्पेक्ट्रमची स्क्रीन वाकडी आहे, अक्षराच्या चौकटीत एक ठिपका खाली जायचं तर पत्त्यात २५६ मिळवावे लागतात. लोक याला शिव्या देतात पण आपल्या कामाला हे एकदम सोयीचं पडतं: आय अँड २५६ काढा (म्हणजे आय मधे २५६ चा बिट लागलाय का ते बघा), शून्य नसेल तर ८५, असेल तर १७०. झालं, अख्खी स्क्रीन भरली. ना भागाकार, ना मॉड्युलो. झेड८० ला गुणाकार-भागाकाराची सूचनाच नाही, कंपायलर त्यासाठी लायब्ररीचं फंक्शन बोलावतो आणि ते बिचारं शिफ्ट आणि बेरीज करत बसतं, म्हणून जिथे अँड आणि शिफ्टने भागतं तिथे तेच वापरा.

मग रंग. स्क्रीनवर ३२ रकाने, २४ ओळी, प्रत्येक चौकटीला एक बाइट. हिशोब असा: मागचा रंग गुणिले आठ, अधिक ठिपक्याचा रंग, उजळ पाहिजे तर अधिक ६४. पिवळा ६, लाल २, म्हणजे ४८ अधिक २ अधिक ६४, ११४. चौकट वर्तुळाच्या आत असेल तर ११४, बाहेर असेल तर ०, काळ्यावर काळं, ठिपके असूनही दिसत नाहीत. वर्तुळासाठी डीएक्स म्हणजे रकाना वजा १६, डीवाय म्हणजे ओळ वजा १२, दोघांच्या वर्गांची बेरीज ६४ पेक्षा कमी असली की आत.

हे चाललं पण रंग वरून खाली सावकाश भरत जाताना दिसत होते, दीड हजारावर गुणाकार ना. मी शहाणपणा केला, ० ते १६ च्या वर्गांचा तयार तक्ता केला, अनसाइन्ड चारचा, जागा वाचवायला. स्पीड मस्त आला. फक्त स्क्रीनच्या डाव्या काठाला संत्र्याचीच एक उभी पट्टी, पंधरा चौकटी उंच. रात्री दीड वाजेपर्यंत मी ठिपक्यांचा कोड उलटापालटा करत होतो. कारण काय निघालं, डावीकडच्या पहिल्या रकान्यात डीएक्स वजा १६, त्याचा वर्ग २५६, आणि २५६ अनसाइन्ड चारमधे मावत नाही, ० होतो, म्हणजे प्रोग्रामला वाटलं हा रकाना बरोबर मधोमध आहे. शेवटची नोंद २५५ केली, पट्टी गायब. याचाच सख्खा भाऊ म्हणजे ७६८ पर्यंतच्या लूपला अनसाइन्ड चार वापरणं, तो २५५ नंतर परत ० वर येतो आणि लूप संपतच नाही. आणि इंट, म्हणजे साधा पूर्णांक, सोळा बिटचा आहे, ३२७६७ च्या वर गेला की उणे होतो, मेमरीच्या पत्त्यांसाठी अनसाइन्ड इंटच घ्या.

अजून एक, फंक्शनमधले लोकल व्हेरिएबल स्टॅकवर जातात आणि तिथून काढणं झेड८० ला महागात पडतं. लूपमधे सारखे लागणारे स्टॅटिक करा, म्हणजे त्यांना मेमरीत कायमची जागा मिळते. कॉलेजात शिकवलं होतं ग्लोबल वाईट असतात, इथे ते विसरा.

मेन फंक्शनच्या शेवटी रिटर्न करू नका, नाहीतर बेसिक परत येऊन खालच्या दोन ओळी पुसून आपला मेसेज टाकतं. रिकामा अनंत लूप ठेवा. हे संत्रं नाचवायचं मनात असेल तर हिशोब सांगून ठेवतो: एका फ्रेममधे, म्हणजे स्क्रीनच्या एका चित्रात, सेकंदाला अशा ५० असतात, ६९८८८ क्लॉकचे ठोके मिळतात, आणि झेड८० ची एलडीआयआर सूचना एक बाइट हलवायला २१ घेते. ६१४४ गुणिले २१ म्हणजे १२९०२४, जवळपास दोन फ्रेम नुसत्या कॉपीत गेल्या. म्हणून अख्खी स्क्रीन हलवायची नसते, जेवढं बदललं तेवढंच पुसा आणि काढा.

खऱ्या मशीनवर चालवायचं तर आधी पॉवर. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतं आणि पिनचा मधला भाग निगेटिव्ह असतो, बाजारातल्या बहुतेक ॲडाप्टरच्या बरोबर उलट. सीताबर्डीवरून आणलेला कोणताही ९ व्होल्टचा ॲडाप्टर डोळे मिटून लावाल तर मशीन गेलं समजा. मल्टिमीटर लावून बघा, मगच. आतला व्होल्टेज रेग्युलेटर तसाही तापतो, नवतप्यात दुपारी तर हात लावू नका, मी सकाळीच बसतो.

लोड करायला झेडसीसीच्या त्याच कमांडच्या शेवटी मायनस सीझेड मायनस मायनस ऑडिओ जोडा, एवढं सगळं मधे जागा न सोडता सलग, म्हणजे वेव्ह फाइलही बनते. ती मोबाइलवर घ्या, केबल लावून इअर लिहिलेल्या भोकात जोडा, आवाज फुल. स्पेक्ट्रमवर जे दाबा, लोड येतं, मग सिम्बॉल शिफ्ट धरून दोनदा पी, एंटर, आणि मोबाइलवर प्ले. किर्र आवाजासोबत बॉर्डरवर पट्ट्या नाचल्या की समजायचं चाललंय. माझ्याकडे चार वेळा आर टेप लोडिंग एरर आला, आवाज कमीजास्त केला, केबल बदलली, शेवटी लक्षात आलं की दर वेळी मधेच कूलरचा पंप सुरू होत होता. कूलर बंद केला, घामाघूम झालो, पण लोड झालं.

हो, संत्र्याचं पान राहिलंच. उजळ हिरवं म्हणजे ३२ अधिक ४ अधिक ६४, १००. रंगांचा लूप संपल्यावर, अनंत लूपच्या आधी, २२६७२, २२६७३ आणि २२६४१ या तीन पत्त्यांवर १०० टाका, संत्र्याच्या डोक्यावर बरोबर बसतं.