गॅरेजच्या कोब्याला इपॉक्सी मारलं, माझा अनुभव

नागपूरच्या उन्हाळ्यात इपॉक्सी मारायचं तर पहाटेच, कारण इपॉक्सी म्हणजे दोन भागांचं कडक कोटिंग, त्यातलं रेझिन आन हार्डनर एकदा मिसळलं की गरमीत डब्यातच तापून घट्ट व्हायला लागतं, म्हणून थोडं थोडंच कालवलं आणि लगेच कोब्यावर ओतून रोलर फिरवला. पण खरी मेहनत त्याआधीची. प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवला, खाली थेंब जमले नाही म्हणजे बहुधा ओल नाही. जुनं ऑइल डिग्रीजरने घासलं, मग भाड्याच्या ग्राइंडरने वरचा भुसभुशीत थर काढला, हाताला सँडपेपरसारखं खरखरीत लागलं पाहिजे नाहीतर कोटिंग धरतच नाही. साधा ऑइलपेंट स्वस्त पडतो हो, पण गरम टायरखाली सोलून निघतो. शटरजवळ ऊन येतं, तिथे इपॉक्सी पिवळं पडतं, म्हणून वरून पॉलीयुरेथेनचा हात दिला. गाडी मात्र आठवडाभर बाहेरच, घरच्यांची कटकट वेगळी.